थोरल्या-धाकट्याची वाटणी

मी, खाली डाव्या हाताने सही करणार, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी जोडीची कुस्ती आणि आता नुसते बसून राहणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच अकलेने सांगून वकीलबाईंच्या लेखनिकाकडून लिहवून घेत आहे. डाव्या हाताने अशासाठी, की उजव्याची तीन बोटे मुडपली आहेत ती सरळ होत नाहीत. त्यांत दोरी धरता येते, पेन धरता येत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला असा दाखला सहसा मिळत नाही, म्हणून त्याची एक प्रत काढून भिंतीवर लावावी असे मनात होते. मी प्यालेलो नाही. मला कोणी दम दिलेला नाही. हे सांगताना माझ्या छातीवर कोणी बसलेले नाही.

डोके ठीक असले तरी मूत्रपिंडे गेली आहेत. इतकी वर्षे दुखण्यावरच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या, दुसरे काय होणार. डॉक्टर म्हणतात हा हिवाळा निघेल. पुढच्या हिवाळ्याबद्दल विचारले की ते खिडकीबाहेर बघतात.

मृत्युपत्रात काय, कोणाला आणि कधी एवढेच असावे, असे वकीलबाईंचे म्हणणे. माझे म्हणणे असे की लोक भांडतात ते 'का' यावरून, आणि तेच नेमके कागदात नसते. शेवटी आम्ही तडजोड केली. कलमे त्यांची, कलमांखालचे बोलणे माझे.

कलम पहिले

'धाकटा' या टोपणनावाने ओळखला जाणारा माझा जोडीदार हा माझा भाऊ नाही. सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलाही नाही. तो माझ्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे नात्याने माझा मेहुणा आहे. जी बाई इतकी वर्षे चारचौघांत माझी बहीण म्हणून वावरली, ती माझी बहीण नसून माझी कायदेशीर बायको आहे. आमच्या लग्नाची नोंद धाकट्याबरोबर जोडी जमण्याच्या आधीची आहे. आमची फारकत झालेली नाही.

हे कलम बायकोने फोनवर सांगितले तसे, अक्षर न बदलता घेतले आहे. यात माझी एकच भर होती, की रिंगमध्ये सांडलेले सोडले तर आमच्यात रक्ताचे नाते नाही. वकीलबाईंनी ती खोडली.

ज्यांनी आमची कुस्ती कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जोडीच्या कुस्तीत दोघांविरुद्ध दोघे असतात, पण रिंगमध्ये प्रत्येक जोडीतला एकच. दुसऱ्याने कोपऱ्याबाहेर उभे राहायचे, खांबाला बांधलेली वीतभर दोरी एका मुठीत धरायची आणि दुसरा हात आत लांबवायचा. आतला मार खात, सरपटत, त्या हातापर्यंत येतो आणि हातावर हात मारतो. याला टॅग म्हणतात. टॅग झाला की बाहेरचा आत जातो आणि आतल्याने बाहेर निघायचे. कोण पडणार हे आधीच ठरलेले असते. तरीही तो हात पोचतो की नाही यासाठी लोक जीव मुठीत धरून बसायचे. मोठमोठी माणसे खुर्चीवर उभी राहून रडलेली मी पाहिली आहेत.

मालकाने आम्हाला पहिल्यांदा पाहिले ते एका व्यायामशाळेत. मालक म्हणजे ज्याच्या कंपनीत आम्ही कुस्त्या केल्या तो. सिगारेट न पेटवताच तोंडात धरून बोलायची त्याला सवय होती.

"भाऊ आहात का रे तुम्ही?" त्याने विचारले.

"नाही," आम्ही म्हणालो.

"आजपासून आहात."

मी थोराड, म्हणून थोरला झालो. खरे तर धाकटा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पण अंगाने लहान चणीचा, चेहरा कोवळा, आणि मार खाताना असा काही दिसायचा की बायकांचा जीव वरखाली व्हावा. त्या दिवसापासून तो मला दादा म्हणू लागला. त्या संध्याकाळी जेवताना त्याने "दादा, मीठ दे" म्हटले आणि आम्ही दोघे हसून हसून लोळलो.

अडचण एकच होती. दीड महिन्यापूर्वी माझे त्याच्या बहिणीशी लग्न झाले होते.

मालकाला हे सांगितले तेव्हा त्याने सिगारेट तोंडातून काढली. भावाभावांच्या जोडीत एकाने दुसऱ्याच्या बहिणीशी लग्न केलेले असणे लोकांना कसे पटवायचे, हा प्रश्न त्याने दोन मिनिटांत सोडवला. "मग तीही तुमची बहीणच," तो म्हणाला. त्या काळी आमच्या धंद्यात रिंगमधली गोष्ट रिंगबाहेरही पाळायची असा दंडक होता. ज्याच्याशी वैर दाखवायचे त्याच्याबरोबर एका टेबलावर चहा घ्यायची चोरी. बनाव फुटला तर तिकीट कोण काढणार? ती हॉलच्या दाराशी टेबल मांडून आमचे फोटो विकायची, त्यामुळे तिला सगळे ओळखत. थोरल्या-धाकट्याची ताई. लोकांसमोर ती मला दादा म्हणायची.

सुरुवातीला तिला त्याची मजा वाटे. नवऱ्याला बायकोच्या खोलीत चोरासारखे यावे लागते म्हणून ती तोंडात पदर कोंबून हसायची. मूल पुढच्या वर्षी, असे आम्ही दर वर्षी म्हणालो, कारण बिनलग्नाच्या ताईचे पोट फोटोंच्या टेबलामागे लपले नसते. मग पुढची वर्षे संपली. मी तिला कधी विचारले नाही आणि ती कधी बोलली नाही.

एका दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. ती पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती.

"दादा, जरा तो टॉवेल द्या," ती म्हणाली.

मी टॉवेल दिला. हसलोही. ती हसली नाही. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसले. पुढच्या मुक्कामी मनगट बांधायला मी किटबॅगेतला चिकटपट्टीचा डबा उघडला तर आत तिची अंगठी होती. ती मला सोडून गेल्याचे मला तसे कळले.

त्यानंतर तिने मला कशानेच हाक मारलेली नाही.

कलम दुसरे

माझ्यामागे धाकट्याचा सांभाळ माझ्या बायकोने करावा. त्यासाठी तिने या घरात राहावे अशी माझी विनंती आहे.

खरे तर हे सगळे मृत्युपत्र या एका कलमासाठी आहे. बाकीचे सामान कोणी उचलून नेले तरी माझी हरकत नाही.

धाकट्याच्या डोक्याचे काय झाले ते डॉक्टरांनी मला काळे फोटो दिव्यासमोर धरून दाखवले. मार बसून बसून आतून झिजले आहे, असे म्हणाले. त्याला आता सकाळ-संध्याकाळ कळत नाही. वाचता येत नाही. आपले खरे नाव आठवत नाही. आईवडील आठवतात, पण ते आपले दोघांचे होते असे तो म्हणतो. बाकी सगळे गेले आणि मालकाने दोन मिनिटांत रचलेली गोष्ट तेवढी डोक्यात पक्की राहिली. तो धाकटा आणि मी थोरला. दिवसातून किती वेळा तो "दादा" म्हणतो ते मोजणे मी सोडून दिले आहे.

त्याच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे, ती इथे नोंदवतो. टॅग करताना आम्ही एकमेकांचा अंगठा दाबायचो. एकदा दाबला तर ठीक आहे, दोनदा दाबला तर खरेच लागले आहे, सांभाळ. ही आमची खूण पंचाशिवाय कोणाला माहीत नव्हती. आमच्या सबंध जोडीच्या काळात धाकट्याने मला दोनदा दाबून कधीच दाखवले नाही. खुर्ची डोक्यात बसली, ठीक आहे. मानेवर पडला, ठीक आहे. एकदा तर त्याचे डोळे दोन दिशांना गेलेले मला दिसत होते आणि अंगठा एकदाच दाबला गेला. मी त्या अंगठ्यावर विश्वास ठेवला. ते फोटो पाहिले तेव्हा कळले की लोकांशी आम्ही दोघे खोटे बोलत होतो आणि माझ्याशी तो एकटा खोटे बोलत होता.

बायकोला फोन केला तेव्हा मी आधी माझ्या मूत्रपिंडांचे सांगितले. ती "बरं" म्हणाली. मग मी धाकट्याचे विचारले.

"तो तुमचा भाऊ ना?" ती म्हणाली. "सगळ्या दुनियेला सांगत होतात. आता सांभाळा की तुमच्या भावाला."

"मी असेन तोवर सांभाळीनच. पुढचं विचारतोय."

"पुढचंही तुमच्या मालकाला विचारा."

तिने फोन ठेवला. मी वृद्धाश्रमाची चौकशी केली. तिथल्या बाईंनी वॉर्ड दाखवला. पलंगांना कठडे होते, आणि जो उठतो त्याला बांधून ठेवतात. धाकटा उठतो. दारात उभा राहून हात लांबवतो आणि कोणी हात मारेपर्यंत उभा राहतो. त्याला बांधले तर तो काय समजेल हे मला ठाऊक आहे. त्याला वाटेल, दादाने टॅग दिला नाही.

दोन दिवसांनी बायकोचाच फोन आला.

"येईन मी," ती म्हणाली. "एका अटीवर. मी कोण होते ते कागदावर लिहा. शिक्क्याच्या कागदावर. आणि साक्षीदारांसमोर मोठ्यानं वाचायचं. मला एकदा ऐकायचंय."

म्हणून पहिले कलम पहिले आहे.

कलम तिसरे, धाकट्याला सांभाळणाऱ्यासाठी सूचना

प्रत्येक खोलीच्या दाराच्या चौकटीला मी दोरीचा एकेक तुकडा बांधला आहे. तो काढू नये. धाकटा आपणहून कुठल्याही खोलीत येत नाही. बाहेर दोरी धरून उभा राहतो. आतून त्याच्या हातावर हात मारावा आणि आपण उंबऱ्याबाहेर निघून जावे. थोड्या वेळाने परत आत आलेले त्याच्या लक्षात येत नाही. अंघोळीला, जेवायला, झोपायला हाच एक मार्ग. चुचकारून, ओढून, रागावून काही होत नाही. तो अजूनही अंगात रग असलेला माणूस आहे. त्याला ओढायला गेलात तर पाणी तुम्हीच मागाल.

घरात घंटा वाजू देऊ नये. घंटा वाजली की कुस्ती सुरू झाली असे समजून तो असेल तिथून उठतो आणि आपल्या कोपऱ्यावर येतो. दाराच्या बेलची वायर मी कापली आहे. येणाऱ्याने दार वाजवावे.

तो कधी कधी माझ्या पाठीवरची जुनी जखम शोधतो. माझ्यानंतर दादा कुठे म्हणून विचारील. मी मुक्कामावर गेलो आहे असे सांगावे.

कलम चौथे, घर व चीजवस्तू

तिसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे घर, आतल्या सामानासकट, बायकोला. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. स्वयंपाकघराचे एक कपाट नीट लागत नाही. मी एकदा रागाने त्यावर बुक्की मारली होती, त्यात काही बनाव नव्हता.

चिकटपट्टीचा डबा, अंगठीसह, बायकोला. अंगठी मी कुठे हलवलेली नाही. डब्यातली पट्टी संपली की नवी आणून टाकायचो आणि अंगठी तळाशी तशीच ठेवायचो, त्यामुळे तिला थोडा चीक लागला असेल. रॉकेलने निघतो.

माझे बूट ज्या व्यायामशाळेत आम्ही शिकलो तिथे द्यावेत. फुकट घालायला कोणी मागितले तर द्यावेत, काचेच्या पेटीत ठेवायला मागितले तर देऊ नयेत.

मालकाला माझ्या डाव्या गुडघ्यातली स्टीलची पट्टी. मला जाळल्यावर ती उरेल, ती पुसून पाठवावी. आमची रिंगमधली नावे, पोशाख आणि आमच्या प्रवेशाचे संगीत हे सगळे करारानुसार त्याच्या कंपनीचे होते आणि त्याने ते मोजून नेले. नवीन दोन पोरांना आमची नावे देऊन त्याने आणखी काही हंगाम चालवलेही. एवढी पट्टीच चुकून माझ्याकडे राहिली आहे. तो मेला असेल तर त्याच्या मुलाला द्यावी. मुलानेही सिगारेट तशीच धरायला सुरुवात केली आहे असे ऐकतो.

पंचाला माझा गरम कोट. पंच म्हणजे आमच्या बहुतेक कुस्त्यांतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्टवाला. जे सगळ्या हॉलला दिसते ते आपल्याला दिसले नाही असे दाखवणे हा त्याचा धंदा. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. (वकीलबाई म्हणतात की ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये. तेव्हा कोट रद्द. पंचाला काही नाही. त्याने मला या हिवाळ्यात भेटायला यावे आणि कोट चुकून घातल्यासारखा घालून जावे.)

कलम पाचवे

माझ्या अंत्ययात्रेला येऊन "ते सगळं खोटं असतं ना?" असे विचारणाऱ्याला या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून पाठीवर पडून दाखवायला सांगावे. त्यानंतरही त्याला शंका असेल तर त्याला चहा द्यावा.

आयुष्यभर हा प्रश्न ऐकून मला त्याचा राग यायचा. आता येत नाही. आता मला वाटते त्या लोकांनी प्रश्न चुकीच्या जागी विचारला. रिंगमध्ये पडणे खरे होते. लागणे खरे होते. खोटे जे होते ते आम्ही घरी आणले, बिछान्यात घेतले, त्याला जेवू घातले, आणि शेवटी घरात तेवढेच शिल्लक राहिले. माझी बायको खरी होती, ती गेली. माझा भाऊ खोटा होता, तो राहिला. आणि त्या खोट्या भावावर माझा जेवढा जीव आहे तेवढा दुसऱ्या कशावर नाही, हे मी कोणाला सांगू? त्याला सांगितले तर तो म्हणेल, असणारच ना दादा.

मरणाची मला भीती वाटत नाही. मला मरायची लाज वाटते, कारण आमच्यात असे ठरले होते की एकाला झेपेनासे झाले की दुसऱ्याने आत यायचे. मी आता त्याच्याकडे हात करू शकत नाही. तिसरा माणूस जोडीत कधी नव्हताच.

इथे कलमे संपतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

पुरवणी, सहीच्याच दिवशी सांगितलेली

वरील कागद आज दुपारी मधल्या खोलीत वाचायचे ठरले होते. वकीलबाई, त्यांचा लेखनिक आणि पंच वेळेवर आले. बायको त्यांच्या आधी आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसली. तिचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, ते मला माहीत नव्हते. मी "बरी आहेस?" विचारले. तिने मान हलवली. धाकट्याला मागच्या खोलीत रेडिओ लावून बसवले होते. दुसरा साक्षीदार म्हणजे तळमजल्यावरचा घड्याळजी थोडा उशिरा आला, पिशवीत कोणा गिऱ्हाइकाचे दुरुस्त केलेले भिंतीवरचे घड्याळ घेऊन. तो दुकानातून तसाच वर आला होता. पिशवी त्याने पायाशी ठेवली.

लेखनिक पहिले कलम वाचू लागला आणि पिशवीतल्या घड्याळाने चारचे ठोके दिले.

घड्याळजीने ओशाळून पिशवीवर हात ठेवला. लेखनिक थांबला नाही, चांगला खणखणीत वाचत राहिला. मी बायकोकडे बघत होतो. 'कायदेशीर बायको आहे' हे शब्द आले तेव्हा तिने डोळे मिटले आणि तिचा चेहरा सैल पडला, जसे कोणी इतक्या वर्षांचे ओझे डोक्यावरून उतरवून घ्यावे. मला वाटले, एवढे तरी मी केले. कलम संपले तेव्हा इतका वेळ छताकडे बघणारा पंच दाराकडे बघत होता.

दारात धाकटा उभा होता. दोरी धरून, हात आत लांबवून. ठोके पडल्यापासून तो तिथे उभा असणार.

मी उठून त्याच्या हातात हात दिला. तो आत आला नाही. त्याने माझा हात सोडलाही नाही. त्याने माझा अंगठा दाबला, आणि पुन्हा दाबला.

सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"दादा," तो म्हणाला, "हे काय वाचतायत?"

"कागद आहे रे. कामाचा."

"मी तुझा भाऊ नाही?"

आहेस म्हणावे तर तिच्यासमोर, तिच्याच कलमावर, तिला पुन्हा पुसून टाकायचे, आणि ती पिशवी उचलून निघून जाणार. मग याला त्या कठड्याच्या पलंगावरून कोण सोडवणार? नाही म्हणावे तर याच्याजवळ दुसरे काय उरले आहे? हॉलमध्ये इतके बोललो, ओरडलो, माईक हिसकावून घेतले, आणि त्या दारात माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्याचा हात गार पडत चालला होता. त्याने पुन्हा दोनदा दाबला.

तेव्हा बायको उठली. पिशवी खुर्चीवर ठेवून ती आमच्याजवळ आली.

"आहेस रे," ती म्हणाली. "भाऊच आहात तुम्ही. सरकारी कागदात असलंच काहीतरी लिहावं लागतं."

त्याने तिच्याकडे पाहिले. "तू कोण?"

"मी ताई."

"कोणाची?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. "दोघांची," ती म्हणाली.

धाकट्याने मान हलवली. ते त्याला पटले. माझ्या हातावर त्याने जोरात हात मारला, पूर्वीसारखा, टाळीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा असा, आणि तो आत आला. टॅग झाला होता. नियमाप्रमाणे मी उंबऱ्याबाहेर निघालो. तिने त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. तिला कोणी शिकवले नव्हते, पण तिने तो अंगठ्यापाशी धरला.

मग ती वकीलबाईंना हळू आवाजात म्हणाली, "पहिलं कलम आहे तसंच राहू द्या. एक शब्द बदलू नका. कागद मी माझ्याजवळ ठेवीन. त्याला वाचता येत नाही."

वकीलबाईंनी विचारले, पुरवणीत काही घालायचे आहे का. मी सांगितले ते लेखनिकाने वर लिहिले आहे. याशिवाय एवढेच घालायचे आहे की पहिल्या कलमातला शब्दन् शब्द खरा आहे. त्या कलमात ती माझी बायको आहे. त्या कलमाबाहेर तिला आता कुठेच असता येणार नाही, या घरात, याच माणसासमोर, उरलेले सगळे दिवस. जे तिने एकदा टाकून दिले होते तेच मी तिला वारसाने दिले, आणि तिने ते घेतले. याची भरपाई माझ्या कोणत्याच मालमत्तेतून होत नाही.

कागद दाराशी आणला गेला. मी आत जाऊ लागलो तर धाकटा अस्वस्थ होऊन उठायला लागला, म्हणून बाहेरच थांबलो. वकीलबाईंनी पेन माझ्या डाव्या हातात दिले. मला सही कुठे करायची ते दिसेना, डोळे भरले होते. धाकटा आमच्याकडे टक लावून बघत होता.

आतून तिने हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"दादा, सही करा."

मी सही केली.

हे मृत्युपत्र मी ऐकले, समजून घेतले आणि डाव्या हाताने सही करून पुरे केले. यापूर्वी मी दुसरे केलेले नाही आणि यापुढे करायला वेळ नाही.

सही : (थोरला)

आम्ही दोघांनी सही करणाऱ्याला सही करताना आमच्या डोळ्यांनी पाहिले. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार पहिला : पंच. (जे पाहिले ते पाहिले, असे लिहून देतो.)

साक्षीदार दुसरा : घड्याळजी, तळमजला.

दिनांक : अकरा जानेवारी

ठिकाण : राहते घर, तिसरा मजला, मधल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, उजव्या मुठीत दोरी धरून.